दारावरची शिळा

आरामात बसा. पाठ टेकली तरी चालेल. डोळे मिटायची सक्ती नाही, नजर जरा सैल सोडली की पुरे. आपल्याला मनाने मेक्सिकोच्या चियापास राज्यात जायचं आहे. उसुमासिंता नदीच्या काठी फ्रोन्तेरा कोरोसाल नावाचं चोल माया लोकांचं गाव आहे, तिथे. तिथून पुढे याश्चिलान या प्राचीन माया नगराला गाडीरस्ता नाही. तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या राजधानीत आजही होडीनेच जावं लागतं.

होडी लांबट आणि अरुंद. वर झावळ्यांचं छप्पर, मागे इंजिन. पाण्यात हात घालायचा मोह होईल, तो आवरा. काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. डावा काठ मेक्सिकोचा, उजवा ग्वाटेमालाचा. सरहद्द याच पाण्यातून गेली आहे. शोधून पाहा, सापडत नाही. दोन्हीकडे रान तेच, पक्षीही तेच. इंजिनाचा आवाज नकोसा वाटेल, तर वाटू द्या. मननाला शांतताच हवी हा हट्ट इथे चालायचा नाही. पुढे रानात माकडं याहून मोठ्याने ओरडणार आहेत, आणि ते ओरडणं माकडाचं वाटतही नाही. झाडावर एखादं मोठं जनावर डरकाळतंय असं वाटतं.

पाऊणएक तासाने नदी मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात नगर आहे, पण होडीतून ते जवळजवळ दिसतच नाही. उतरा. चढ चढा. वाटेवरच्या झाडांत चिकू असतो. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतला आपला चिकू मूळचा याच प्रदेशाचा. त्याचं लाकूड इतकं टणक की टिकालच्या माया मंदिरांत त्याच्या तुळया हजारावर वर्षं टिकल्या.

आधी एका काळोख्या इमारतीतून जायचं आहे. तिला चक्रव्यूह म्हणतात. आत पाऊल टाकलं की काही दिसत नाही. ओल्या चुन्याचा आणि वटवाघळांच्या विष्ठेचा वास येतो. विजेरी लगेच लावू नका. डोळ्यांना वेळ द्या. पाय जमीन चाचपतील, हाताला गार भिंत लागेल. घाबरल्यासारखं झालं तर श्वास कुठे अडकला तेवढं पाहा. मग पुढे सरका. बाहेर पडता तेव्हा एकदम समोर लांबरुंद हिरवं पटांगण असतं.

पटांगणाच्या कडेला २३ क्रमांकाची इमारत आहे. इथे थांबायचं आहे, आणि बराच वेळ.

हे घर काबाल शोक या राणीचं, असं इथले लेखच सांगतात. तिचा पती इत्सामनाह बालाम ६८१ पासून ७४२ पर्यंत राजा होता. दारांवरच्या आडव्या शिळांवर कोरीव काम होतं, तेही शिळेच्या खालच्या अंगाला. म्हणजे ते पाहायला उंबऱ्यात उभं राहून मान वर करावी लागे. घाईत आत शिरणाऱ्याला ते दिसणारच नाही. तुम्हीही तसेच उभे राहा. मान वर करा.

शिळा तिथे नाहीत. ब्रिटिश संशोधक अल्फ्रेड मॉडस्ले १८८२ मध्ये इथे आला आणि त्यानंतर त्यांतल्या दोन लंडनला गेल्या. तरी मान खाली घालू नका. त्यांच्यावर काय होतं ते आठवून त्या जागी ठेवा.

एका शिळेवर राजा मोठी पेटती मशाल धरून उभा आहे. तारीख इ. स. ७०९ ची. समोर राणी गुडघ्यावर बसली आहे. तिने काट्यांची दोरी आपल्या जिभेतून ओवली आहे आणि ती ओढते आहे. दोरीचं टोक टोपलीत पडतंय, तिथल्या कागदावर रक्ताचे डाग आहेत. आता चटकन ‘बाई गं!’ म्हणून तोंड फिरवू नका. नवसासाठी देहाला कष्टवणं आपल्याला काही नवं नाही. तिच्या वस्त्राकडे पाहा: चौकटीचौकटींची वीण, काठाला झालर. कोरणाऱ्याने दगडात धागा न् धागा मोजलाय. चेहऱ्यावर मात्र वेदना कोरलेली नाही. तिथे नजर ठेवा आणि आपल्या मनात काय येतं ते येऊ द्या.

दगड खरंच बोलतो, पण भोळेपणाने ऐकू नये. हा सोहळा राजघराण्याने स्वतःच कोरून घेतलेला आहे. इत्सामनाह बालामनंतर दहा वर्षांनी, ७५२ मध्ये, त्याचा दुसऱ्या राणीचा मुलगा गादीवर आला आणि त्याने आपला हक्क ठसवायला सबंध नगरात शिळा उभ्या केल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अभ्यासक मानत, की माया लेखांत ग्रहतारे, देव आणि पुरोहित यांच्यापलीकडे काही नाही. १९६० मध्ये माया लेखांच्या अभ्यासक तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी, याच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या पिएद्रास नेग्रासच्या लेखांवरून दाखवून दिलं, की त्यांतल्या तारखा माणसांच्या आहेत, जन्माच्या आणि राज्यारोहणाच्या. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची रक्षाही पिएद्रास नेग्रासलाच ठेवली गेली.

आता वर टेकडीवरची इमारत. चढ उभा आहे, दमानं घ्या. आत शीर तुटलेली राजाची मूर्ती आहे. ते शीर पुन्हा धडावर बसलं की जग संपेल, असं इथल्या रानातले लाकांदोन माया लोक सांगत आले. ते इथे येऊन कोपालचा धूप जाळत. पुस्तकं ज्याला ‘ओसाड नगर’ म्हणतात तिथे पूजा चालूच होती, हे ध्यानात घ्या. होडी चालवणाराही मायाच आहे.

राणीच्या घरातल्या दोन शिळा ब्रिटिश म्युझियमच्या २७ क्रमांकाच्या दालनात आहेत. कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही. लंडनला जाणारी आपली मंडळी बहुधा ममी पाहून बाहेर पडतात. तुम्ही तसं करू नका. तिथे शिळा उभ्या मांडल्या आहेत, पण त्या मूळच्या डोक्यावरच्या. एकीपुढे तरी दहा मिनिटं थांबा.