झाकलेली पाटी आणि वाचकाचे देणे

जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात किंवा रस्तारुंदीत दर्शनी पत्रा उतरवला जातो, चुन्याचा पोपडा सुटतो आणि खालून रंगवलेली अक्षरे दिसू लागतात. दुकानाचे नाव, मालाची यादी, ‘प्रोप्रायटर’ म्हणून मालकाचे नाव, कोपऱ्यात पेंटरची बारीक सही. अशा पाट्यांविषयी अलीकडे हळहळीच्या सुरात पुष्कळ बोलले जाते. ती हळहळ खोटी नसते. परंतु तिच्या आडोशाला एक नैतिक प्रश्न दडून राहतो, असे मला वाटते. ज्या मजकुराचा लेखक, मालक आणि वाचक हे तिघेही गेले, तो अकस्मात आपल्यापुढे आला तर आपण त्याचे काय देणे लागतो? आणि तो कोणी जाणूनबुजून झाकला असेल, तर त्या झाकण्याचे काय?

रोलां बार्तने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली ती वाचकाच्या जन्मासाठी. दुकानाच्या पाटीपाशी ही मांडणी अपुरी पडते. पाटीचे लेखकत्व मुळातच विखुरलेले असते. मजकूर मालकाचा, वळण पेंटरचे, भाषा बाजाराची. तिचा वाचक मात्र अगदी नेमका असतो. तो रस्त्याने चाललेला, गरज असलेला आणि बहुधा ओळखीचा माणूस असतो. पाटी त्याला बोलावते आणि वचन देते, की आत हा माल मिळतो व ज्याचे नाव वर लिहिले आहे तो त्याला जबाबदार आहे. ऑस्टिनच्या परिभाषेत हे विधान नव्हे, उक्तीतून घडणारी कृती आहे. दुकान उठले की त्या कृतीचा आधार जातो. पुढे कधी ती पाटी उघडी पडते तेव्हा तिच्यासमोर उभे असलेले आपण गिऱ्हाईक नसतो. जे आवाहन आपल्याला उद्देशून नव्हते, त्याची आपण सौंदर्यवस्तू करतो. येथे वाचकाचा जन्म होतो खरा, पण पहिल्या वाचकाची जागा बळकावून.

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेतो. मात्र त्याची भूमी कल्पित नाही. पूर्वीच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावरचे, नंतरच्या काळात तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाऊ लागलेले गाव. समजा, तेथील बाजारपेठेतील एका दुकानाची दर्शनी भिंत पाडायची आहे. वरचा फ्लेक्स काढला, त्यामागे पत्र्यावर तेलरंगात रंगवलेली मराठी पाटी निघाली; ती उतरवली, तर मागच्या गिलाव्यावर उर्दू अक्षरांची एक ओळ. चुन्याचे हात तेलरंगावर नीट धरत नाहीत; भिंतीला धक्का बसला की चुना सोलून निघतो आणि खालचा रंग राहतो. ज्या चुन्याने अक्षरे लपवली त्यानेच ती ऊनपावसापासून जपली, ही वस्तुस्थिती पुढील विवेचनात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उर्दू का, हा प्रश्न नव्या पिढीला पडेल. हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १८८४ च्या सुमारास तेथील कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. घरी मराठी, कचेरीत उर्दू, अशी अनेकांची रीत होती. तेव्हा ती पाटी लावणारा मुसलमानच असला पाहिजे असे मुळीच नाही. लिपीवरून माणसाचा धर्म ठरवणे हे वाचन नव्हे, ती आजची सवय आहे.

मग ही ओळ म्हणजे नेमके काय? १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यात चित्र, शिल्प किंवा कोरीव लेख पुरावस्तू ठरायला निदान १०० वर्षे लागतात. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेले हस्तलिखित किंवा दस्तऐवज असेल तर ७५ पुरतात. म्हणजे पाटीचा वाङ्मयप्रकार कोणता, या आपल्या शास्त्रातल्या प्रश्नावर तिचे कायदेशीर आयुष्य अवलंबून! योगायोग असा, की १९४८ च्या पाटीला ७५ वर्षे भरली ती २०२३ मध्ये. त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील दुकानदारांना मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या उतरवण्याचा आणि चढवण्याचा तो हंगाम होता.

आपली पाठचिकित्सेची परंपरा येथे मदतीला येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मूळ पाठ अपपाठांपासून सोडवण्यासाठी. भिंतीवर मात्र अपपाठ कोणताच नसतो. फ्लेक्स, पत्रा, चुना, उर्दू ओळ हे सारेच आपापल्या दिवशी खरे होते. ढोकीशेजारच्या तेरमध्ये, म्हणजे ‘पेरिप्लस’मधल्या तगरात, त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे, ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. त्रिविक्रमाला हलवून चैत्यगृह ‘मोकळे’ करावे, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. नंतरचा थर हाही त्या वास्तूचा इतिहासच आहे. हे आपल्याला मंदिरात कळते, दुकानात कळत नाही.

यावरून मला जे म्हणायचे आहे ते असे, की झाकणारा हातसुद्धा लेखकाचाच हात आहे. चुना मारणे ही निव्वळ अनुपस्थिती नाही. ती एक उक्ती आहे, आणि तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी उघडणाऱ्यावर पडते.

आणि येथेच हा प्रश्न सोपा राहत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार मराठवाड्याच्या स्मृतीत पक्के आहेत आणि ते तसे असणे रास्तच आहे. पोलीस कारवाईनंतरच्या काळात मुसलमानांवर जे ओढवले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. बळींचा तिचा संस्थानभरचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बीदर, नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबादचे नाव आहे. तो अहवाल कितीतरी दशके प्रसिद्ध झाला नाही. म्हणजे त्यावरही चुना होताच.

आपल्या कल्पित पाटीवरचा चुना कोणी मारला? मालक मारला गेला आणि जागा दुसऱ्याने घेतली असेल. मालकाने स्वतःच भीतीपोटी रातोरात हात फिरवला असेल. मालक हिंदू असून, कचेरीची भाषा बदलली तशी त्याने पाटी बदलली असेल. किंवा दिवाळी तोंडावर आली होती आणि भिंत कळकट दिसत होती, इतकेच. भिंत यांपैकी काहीही सांगत नाही. समीक्षकाला मात्र मोह होतो तो सर्वांत हृदयद्रावक शक्यता निवडण्याचा. तो मोह आवरणे हे पहिले देणे आहे. उलट टोकाचा, म्हणजे दिवाळीची शक्यता धरून निश्चिंत होण्याचा मोह तितकाच घातक. सभ्य माणसे बहुधा याच दुसऱ्या मोहाला बळी पडतात.

दूरचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. युक्रेनमधील ल्विव्ह शहर १९३९ पर्यंत पोलंडमध्ये होते. लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा ज्यू होता. नाझी अंमलात त्यांतील बहुतेक मारले गेले. आज तेथील घरांच्या गिलाव्याखालून पोलिश आणि यिडिश पाट्या वर येतात. त्यांतील काही स्वच्छ करून नव्याने रंगवण्यात आल्या आहेत. हेतू चांगलाच असेल. तरी पुन्हा रंगवलेली पाटी मला अस्वस्थ करते. ताजा रंग सांगतो, की दुकानदार दुपारच्या जेवणाला गेला आहे, येईल इतक्यात. फिकट, तुटक अक्षरांत जी गैरहजेरी वाचता येत होती, ती नव्या रंगाने बुजते. त्या अर्थी हा दुसरा चुना आहे.

मुंबईत नेमके उलट घडले. दादाभाई नौरोजी मार्गावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून दुकानांच्या पाट्यांना शिस्त लावण्यात आली ती त्यांच्यामागच्या दगडी कमानी दिसाव्यात म्हणून. तेथे वारसा म्हणजे इमारत आणि पाटी म्हणजे तिच्यावरचा मळ. त्या रस्त्यासाठी तो निर्णय बरोबरच होता असे मी म्हणेन. पण वारसा कशाला म्हणावे आणि आवरण कशाला, हे वस्तूत नसून पाहणाऱ्याच्या हेतूत असते, हेही त्यातून उघड होते.

याहून बोचरी गोष्ट अकोला जिल्ह्यातील पातूरची. तेथील नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. त्यावर आक्षेप घेतला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला; भाषेला धर्माशी जोडू नये, असे बजावले. जी लिपी गिलाव्याखाली मेलेली सापडली की आपण तिचे छायाचित्र काढतो, तीच फलकावर जिवंत दिसली की तिच्यावर दावा दाखल होतो. मृत अक्षर आपल्याकडे काही मागत नाही, म्हणून त्याच्यावर प्रेम करणे स्वस्त पडते.

तेव्हा ढोकीच्या भिंतीचे काय करावे? ती वाचवावीच, असे मी म्हणणार नाही. ज्याचे दुकान रस्त्यासाठी अर्धे कापले जाणार आहे, त्याचा हक्क आपल्या रसास्वादाहून मोठा आहे. त्याच्या उचलबांगडीच्या सकाळी आपल्याला एक सुंदर वळण पाहायला मिळाले, याची थोडी लाज वाटलेली बरी. ते अक्षर कापून एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेला नेणे तर सर्वांत वाईट. तेथे ते पुन्हा गिऱ्हाईक बोलावू लागते, पण दुसऱ्याच्या मालासाठी. नोंद करावी, आणि ती सगळ्या थरांची करावी. फ्लेक्सची, पत्र्याची, आणि चुन्याचे किती हात होते त्याचीही. नोंदीआधी सध्याच्या मालकाला विचारावे. वडिलांनी काय झाकले हे मुलाला ठाऊक असते, आणि ते न सांगण्याचा अधिकारही त्याला असतो.

शिवाय ती ओळ कोणीतरी वाचायला हवी. १९४८ पूर्वी निजामी शाळेत उर्दू गिरवलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. जेसीबी येण्याआधी तालुक्यात असे कोणी सापडले, तर त्यांना भिंतीपुढे खुर्ची टाकून बसवावे आणि कॅमेरा थोडा वेळ बाजूला ठेवावा.