परक्या पंगतीत

इटलीच्या द्राक्षभूमीत हिंडावयास निघालेला प्रवासी पहिला प्रश्न विचारतो तो "जेवायचे कुठे आणि प्यायचे कुठे?" हा. प्रश्न वरवर केवळ सोयीचा दिसतो. परंतु आम्हांला तो आचरणाचा वाटतो. कारण कुठे जेवायचे हे ठरविताना आपण कोणाला यजमान करावयाचे आणि त्याच्या घरी कोणत्या नात्याने बसावयाचे, हेही ठरवीत असतो.

उदाहरणादाखल पिएमोन्ते प्रांतातील लांगे हा डोंगराळ टापू घेऊ. आल्बा शहराच्या आसपास बारोलो, ला मोर्रा, बार्बारेस्को ही लहान गावे आहेत आणि त्यांच्या उतारांवर नेब्बियोलो जातीच्या द्राक्षांचे मळे आहेत. २०१४ साली युनेस्कोने या मळ्यांचा जागतिक वारशात समावेश केला. येथे प्रवाशाच्या पोटाची सोय अनेक परींनी होते. बार्बारेस्को गावी एका जुन्या चर्चच्या वास्तूत गावची वाइन चाखावयास मिळते. ग्रिंझाने काव्हूर येथे तीच सोय किल्ल्यात आहे. साध्या जेवणास ओस्तेरिया आणि त्रात्तोरिया आहेत. शिवाय शेतकऱ्याच्या घरीच जेवण आणि मुक्काम देणारी 'आग्रितुरिस्मो' आहेत. अशा घरी शेती हाच मुख्य व्यवसाय असला पाहिजे, पाहुणचार हा तिचा जोडधंदा, असे १९८५ च्या कायद्याने ठरविले.

ताटात येते काय? भरपूर अंड्यांत मळलेल्या बारीक शेवया, त्यांना तायारिन म्हणतात. चिमटीने मिटविलेल्या, मांसाचे सारण भरलेल्या इवल्याशा पुड्या. आणि लसूण, तेल व खारवलेली अँचोवी मासळी एकत्र शिजवून केलेले 'बान्या काउदा', ज्यात भाज्या बुडवून खावयाच्या. आज ही पक्वान्ने आहेत. पण पुड्यांतले सारण हे मुळात पुष्कळदा आदल्या जेवणातून उरलेल्या मांसाचे असे. आल्बाचेच लेखक बेप्पे फेनोल्यो यांच्या १९५४ सालच्या 'ला मालोरा' या कादंबरीत या टेकड्यांवरील गरीब कुटुंब दिसते. तेथे तुळईला दोऱ्याने एकच अँचोवी टांगलेली आहे आणि घरची माणसे मक्याच्या उकडीचे तुकडे पाळीपाळीने तिच्यावर घासून खातात. मासळी खावयाची नाही; तिचा वास तेवढा घ्यावयाचा.

मग प्रश्न असा की, एकाच्या उपासमारीतून जन्मलेले अन्न दुसऱ्याने चैन म्हणून खावे काय? झुणका-भाकर ही कष्टकऱ्यांची शिदोरी. ती आज मोठ्या हॉटेलांत हौसेने मागविली जाते, तेव्हा आपल्याही मनाला हाच प्रश्न चाटून जातो. खाऊच नये, असे कोणी विरागी म्हणेल. पण त्याने लांगेच्या शेतकऱ्याचे कोणतेच भले होत नाही. ज्या अन्नाने त्याच्या पूर्वजांना जगविले, त्याची किंमत आज जगाने केली, यात त्याचा सन्मानच आहे. दोष खाण्यात नाही; दोष आहे तो 'अस्सलपणा'च्या हट्टात. आजीबाईने चुलीपाशीच असावे, भिंतीचा गिलावा उडालेलाच असावा, आणि बिल मात्र गरिबीच्या काळचे असावे, ही अपेक्षा निष्ठुर आहे. दुसऱ्याने आपल्या रंजनासाठी दरिद्री राहावे, असा तिचा अर्थ होतो. मुलखाबाहेर बदलीवर राहणाऱ्या आपणा मंडळींनाही हा मोह सुटलेला नाही. ज्या गावाने आपल्याला सांभाळले, त्याने बदलू नये असे आपणांस वाटते. आपल्या घरी मात्र गॅस आणि फ्रीज हवाच असतो.

स्वस्ताईच्या हट्टाचे फळ याच प्रांताने भोगले आहे. १९८६ साली स्वस्त वाइनचा मद्यांश वाढविण्यासाठी तिच्यात मेथिल अल्कोहोल मिसळले गेले आणि इटलीत सुमारे २० माणसे मेली. गुन्हा करणाऱ्यांचाच होता. तथापि जेथे ग्राहक केवळ दर पाहतो, तेथे प्रामाणिक माणसाचा माल मागे पडतो हेही खरे. याच्या उलट चित्र बार्बारेस्कोत दिसते. १९५८ साली गावच्या धर्मगुरूंनी १९ लहान बागायतदारांना एकत्र करून सहकारी संस्था उभी केली. एकेकट्याने व्यापाऱ्यापुढे हात पसरण्याऐवजी सर्वांनी मिळून आपली वाइन आपल्या नावाने विकावी, हा हेतू. ती संस्था आजही नांदती आहे.

पिण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कायद्याने बारोलो वाइन किमान ३८ महिने मुरावी लागते. त्यांतले १८ महिने लाकडी पिंपात. यजमानाने तीन वर्षांहून अधिक काळ राखलेली वस्तू प्रवासी एका दुपारी पाच तळघरे पालथी घालून घशाखाली उतरवितो, तेव्हा तो चवीचा नव्हे, मोजणीचा धनी होतो. दिवसाला एक तळघर पुरे. ते आधी कळवून गाठावे, चाखलेली वाइन तेथल्या भांड्यात थुंकण्यास लाजू नये, आणि आवडली तर एखादी बाटली विकत घ्यावी. गाडी चालविणाऱ्याने तर पेल्यापासून दूर राहणेच बरे. तेथील कायद्याची मर्यादा रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम इतकीच आहे. जो मुळीच पीत नाही, त्यानेही संकोचू नये. नकार नम्र असला की पंगत मोडत नाही.

तेव्हा जेवायचे कुठे? जेथे गावची माणसेही जेवतात, जेथे ताटातले अन्न त्या ऋतूचे आहे, आणि जेथे आपला पैसा मळ्यात राबणाऱ्यापर्यंत पोचतो, तेथे. बिलात 'कोपेर्तो' म्हणून बैठकीचा आकार दिसेल. त्यावरून वाद घालू नये. जे त्या दिवशी रांधले असेल ते घ्यावे, नसेल त्याचा आग्रह धरू नये. अतिथीला देव मानण्याची शिकवण आपण यजमानाला पुष्कळ दिली. देवासारखे वागण्याची जबाबदारी अतिथीवर येते, हे मात्र आपण क्वचितच बोललो. पैसे मोजले म्हणजे ती जबाबदारी संपली, असे आम्हांला वाटत नाही. पैशाने जेवणाची किंमत फिटते. परक्याने आपल्याला पंगतीत बसवून घेतले, याचे ऋण वागणुकीनेच फेडावे लागते.