फेसाचें मोल

संसाराच्या क्षणभंगुरतेस पाण्यावरील बुडबुड्याची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. आणि बुडबुड्यांचाच समुदाय जो फेस, त्याच्या वांट्यासही तोच तुच्छभाव आला आहे. आंत वारा आणि भोंवतीं पाण्याचा पापुद्रा; ह्यांत सार तें काय, असें कोणासही वाटावें. परंतु ज्यांत सार दिसत नाहीं तें निरुपयोगी होय, हें अनुमान आम्हांस तपासून पाहण्याजोगें वाटतें. आणि त्या परीक्षेस न्हाव्याच्या धोकटीइतकें सोयीचें साधन दुसरें नाहीं.

जुन्नर किंवा मंचर येथें बाजाराच्या दिवशीं जो श्मश्रूस बसतो, त्याचें लक्ष वस्तऱ्याच्या धारेकडे असतें. फेस हा त्यास केवळ उपचार वाटतो. शास्त्राचा निर्णय निराळा आहे. साबणाच्या रेणूचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें, दुसरें तेलाकडे. त्यामुळें पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो, आणि एरवीं तत्काळ फुटणारा पापुद्रा कांहीं काळ टिकतो. विहिरीचें पाणी दुष्फेन असेल, तर त्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशीं मिळून त्याचा सांका होतो आणि फेस धरत नाहीं. चांगला फेस केसावरील तेलकटपणा काढतो, पाण्यास ओघळूं न देतां केसाशीं खिळवून ठेवतो, आणि दोनतीन मिनिटांत ताठर केस पाणी पिऊन मऊ पडतो. शिवाय पातें व कातडी यांमध्यें एक निसरडा थर राहतो. मोठ्या बुडबुड्यांचा फुगीर फेस लवकर विरतो. बारीक व दाट फेसच पाणी धरून ठेवतो. म्हणून जाणता कारागीर येथें घाई करीत नाहीं. मात्र काम होतांच तो फेस धुऊन टाकतो. कारण कातडी स्वभावतः किंचित् आम्ल, साबण अल्कधर्मी, आणि तो तसाच राहिल्यास ती कोरडी पडून चुणचुणूं लागते.

तात्पर्य, फेस स्वतः कांहींच कापीत नाहीं. पण धारेनें जखम करूं नये ही व्यवस्था त्याचीच. मनुष्यांच्या व्यवहारांत शिष्टाचाराचें स्थान हेंच नव्हे काय? गोड शब्द, आर्जव, दुसऱ्याचें ऐकून घेण्यास दिलेले दोन क्षण, ह्यांस रोखठोक माणसें पोकळ म्हणतात. पोकळ तीं असतीलही. पण सत्य व अधिकार ह्या दोन्ही वस्तूंस धार असते, आणि कोरड्या गालावर फिरविलेला वस्तरा खरा असला म्हणून रक्त काढावयाचा राहत नाहीं.

परंतु ह्या सिद्धांतास एक मर्यादा आहे, आणि ती विसरणें हा मोठा अनर्थ होय. लेण्याद्रीच्या व जुन्नरभोंवतालच्या इतर डोंगरांतील लेण्यांत एके काळीं बौद्ध भिक्षु राहत. भिक्षूच्या आठ परिष्कारांत भिक्षापात्र, चीवरें यांबरोबर वस्तराही मोजला जातो. त्याचें मुंडन त्यानें स्वतः पत्करिलेलें असे. पुढें ह्याच महाराष्ट्रांत, विशेषतः ब्राह्मणवर्गांत, विधवेचें केशवपन होऊं लागलें. तोच वस्तरा, तेंच मस्तक ओलें करणें, हातही कदाचित् तितकाच हलका. परंतु तिची संमति कोणीं विचारली? हलक्या हातानें केलेला जुलूम जुलूमच राहतो. उलट तो अधिक काळ टिकतो, कारण आरडाओरड होत नाहीं.

ज्या सत्यशोधक विचारानें ओतुरासारख्या गांवींही मूळ धरिलें, त्याच विचाराचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरविली आणि विधवांचें केशवपन न करण्याचा ठराव केला. पढीक मंडळी शास्त्रार्थाचा वाद घालीत असतां, ज्यांची उपजीविकाच वस्तऱ्यावर, त्यांनीं नीतीचा प्रश्न नेमका ओळखला. वस्तरा कसा चालवावा, हें त्यांस कोणीं शिकविण्याची गरज नव्हती. तो कोठें चालवूं नये, हें त्यांनीं समाजास शिकविलें.

सौजन्याचा फेस तुच्छ नाहीं. पण तो लावण्यापूर्वीं समोरच्याची संमति असावी लागते. ती नसेल, तर वस्तरा खालीं ठेवणें हेंच खरें सौजन्य होय.