नादाचे मोल आणि उघडे दार

विनामूल्य मैफलीत श्रोत्याकडून पैसा घेतला जात नाही, याचा अर्थ पैसा लागत नाही असा नव्हे. पियानोच्या मैफलीला तर तो बराच लागतो. मोठ्या सभागृहातला पियानो साधारण ५०० किलो वजनाचा असतो. त्यात दोनशेहून अधिक तारा असतात, हवेतला ओलावा कमीजास्त झाला की त्या सुरातून ढळतात, आणि जाणत्या माणसाकडून वाद्य पुन्हा जुळवून घ्यावे लागते. तरीही जगात अशा मालिका चालतात. शिकागो शहरात पियानोवादक मायरा हेस यांच्या स्मरणार्थ १९७७ पासून दर बुधवारी दुपारी मैफल भरते, तिला तिकीट नसते. असे काही खानदेशातल्या चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी करायचे म्हटले तर चर्चा खर्चावर सुरू होईल आणि बहुधा तिथेच संपेल. पण खर्चाच्या आधी धर्माचा आणि तत्त्वाचा एक प्रश्न उभा राहतो. नाद ही विकण्याची वस्तू आहे काय? नसेल, तर वादकाला दिले जाते ते कशाचे? आणि संगीत दान म्हणून द्यायचे, तर त्या दानाला नियम कोणते?

खानदेशच्या वारकऱ्यांना हा प्रश्न कीर्तनाच्या निमित्ताने पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तुकोबांचा याविषयीचा निर्वाळा फार कडक आहे. जिथे कीर्तन करावे तिथे जेवू नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, इतकेच काय, आपल्या तट्टासाठी किंवा बैलासाठी दाणावैरणही मागू नये, असे ते सांगतात. द्रव्य घेणारा आणि देणारा असे दोघेही नरकात जातात, इथवर त्यांचे म्हणणे जाते. हे सांगणारा माणूस व्यवहार न कळणारा नव्हता. घरात दुकानदारी आणि महाजनकी होती, आणि कर्जखते इंद्रायणीत सोडून दिल्याची कथा परंपरा त्यांच्याच नावावर सांगते. पैशाने माणूस कसा बांधला जातो हे जवळून पाहिलेल्याचे हे बोल आहेत. कथेचा मोबदला ठरला की सांगणारा ऐकणाऱ्याचा मिंधा होतो, त्याला रुचेल तेवढेच सांगतो, आणि मग कथेत हरी राहत नाही.

हा निर्वाळा अक्षरशः पाळला जातो असे मात्र नाही. चोपडा, यावल, रावेर, अमळनेर या पट्ट्यातल्या गावागावांत अखंड हरिनाम सप्ताह होतात, त्यात गावाने या पेचातून काढलेली वाट दिसते. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरील भजन, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही, पहारा बदलतो तशी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मंडपाच्या तोंडाशी फलक असतो, आज कोणाचे कीर्तन आणि आजची पंगत कोणाकडे हे त्यावर लिहिलेले असते. वर्गणी आधीच गोळा झालेली असते. कोणी गहू देतो, कोणी तूरडाळ, कोणी सतरंज्या, कोणी ट्रॅक्टर. काल्याच्या दिवशी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी शेकडो माणसांना वाढली जाते आणि वाढणारे हात गावातलेच असतात. कीर्तनकाराला मानधन दिले जाते, ते किती असावे यावर पारावर वादही होतात. पण कीर्तन ऐकायला आलेल्या कोणालाही दारात अडवून पैसे मागितले जात नाहीत. वर्गणी दिलेला आणि न दिलेला एकाच सतरंजीवर मांडी घालतो. हा फरक लहान वाटतो, पण प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. गाव कीर्तन विकत घेत नाही. कीर्तन होऊ शकेल एवढी तजवीज करते, आणि झालेले कीर्तन सर्वांचे असते.

नेमकी हीच रीत युरोपातही होती. उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक या व्यापारी शहरात सेंट मेरीच्या चर्चमध्ये ख्रिसमसच्या आधीच्या ठरावीक रविवारी सायंकाळी संगीत होत असे. १६६८ मध्ये तिथे ऑर्गनवादक म्हणून नेमले गेलेले बुक्स्टेहुडे यांनी त्याला मोठे रूप दिले. हे संगीत उपासनेचा भाग नव्हते, पण जागा देवाची होती. प्रवेशाला पैसे नव्हते, खर्च शहरातले व्यापारी उचलत. गर्दी आणि गोंगाट इतका होई की तो आवरायला शिपाई ठेवावे लागले. १७०५ मध्ये वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख बुक्स्टेहुडे यांना ऐकण्यासाठी आर्नश्टाटहून चारशे किलोमीटरच्या आसपास चालत ल्युबेकला गेला. चार आठवड्यांची रजा काढलेला हा तरुण तिथे काही महिने राहिला आणि परतल्यावर त्याला वरिष्ठांपुढे जाब द्यावा लागला. पंढरीची वाट तुडवणाऱ्या मुलखाला या चालण्याची ओढ समजावून सांगावी लागत नाही.

तुकोबांच्या कडक रेषेपुढे बाखचेच उदाहरण उभे केले पाहिजे, कारण इथे प्रश्न खरा अवघड होतो. आपल्या चर्चसंगीताच्या हस्तलिखितांच्या शेवटी बाख तीन अक्षरे लिही. त्यांचा अर्थ, गौरव केवळ देवाचा. आणि याच बाखने १७३० मध्ये लाइपझिगहून आपल्या जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात मिळकतीचा हिशेब मांडला आहे. नोकरीत सुमारे ७०० थालर मिळतात, अंत्यविधी जास्त झाले की दक्षिणा वाढते, शहराची हवा निरोगी राहिली की ती घटते, असे तो लिहितो. एकाच हाताने दोन्ही लिहिले. त्यात ढोंग नव्हते, घरात लेकरे होती. देवाला वाहिलेले संगीत आणि त्याच संगीतावर चाललेला संसार एकमेकांना खोटे पाडत नाहीत. तुकोबांचा निषेध देवाच्या नावावर मोबदला ठरवण्याला आहे. जो हरिकथेतून तरून जाण्याची वाट दाखवतो त्याने तिची किंमत सांगू नये, हे त्याचे मर्म आहे. वर्षानुवर्षे बोटे झिजवून रियाज केलेल्या वादकाने उपाशी राहावे, असा अर्थ त्यातून काढणे हे वाचणाऱ्याचे कोतेपण होय. वादक मोक्ष विकत नाही, आपले श्रम पुढे ठेवतो, आणि श्रमाचे दाम चुकवणे हाही धर्मच आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना मोठी माणसे दिसतात. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातले गाणे तिकीट लावून जाहीर सभेत आणले. त्या काळी तिकीट हे दार उघडण्याचे साधन होते, त्यामुळे गवई दरबाराच्या लहरीतून सुटला आणि साधा माणूस मैफलीत बसू शकला. पण ५ मे १९०१ रोजी लाहोरला स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी अनेक विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्यासह सांभाळून शिकवले, आणि पुढे कर्जापायी मुंबईतली विद्यालयाची इमारत लिलावात गेली. देण्याची इच्छा कितीही थोर असली तरी मागे तजवीज नसेल तर दान देणाऱ्यालाच बुडवते. दुसरे टोक मिरजेला आहे. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले, त्यांची कबर ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात नामवंत गवई आणि वादक तिथे येऊन हजेरी लावतात. दर्ग्यापुढचे हे गाणे सेवा असते आणि ऐकणाऱ्याला तिकीट नसते. ज्या कलावंताचे पोट वर्षभर इतर मैफलींतून भरते तो एक रात्र अशी देऊ शकतो. सगळ्या रात्री अशा द्याव्यात असे त्याला म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता प्रश्नाची खोल बाजू. चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर येते, आणि तिथे श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये उभे केलेले तत्त्वज्ञान मंदिर आहे. कापडगिरणीच्या मालकाने वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था काढावी आणि देशभरातल्या तरुण अभ्यासकांना तिथे राहून चिंतन करता यावे, हे आज अद्भुत वाटते. १९३० च्या दशकात काही काळ तिचे प्रमुख असलेले कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी रससिद्धान्तावर इंग्रजीत एक निबंध लिहिला आहे. त्यातला विचार असा. लेकरू खेळण्याशी रमते, हे पहिले सुख. आजोबा त्या लेकराचे सुख पाहून सुखावतात, हे दुसरे. आणि तिसरा कोणी त्या आजोबांच्या सुखावण्याकडे तन्मय होऊन पाहतो, तेव्हा ते सुख कोणा एकाचे राहत नाही. तिथे जे हृदय रमते ते सर्वांचे हृदय असते. कलेचा आस्वाद या तिसऱ्या पायरीवरचा.

ही दृष्टी जुन्या काश्मिरी आचार्यांशी जुळते. भट्टनायकांनी साधारणीकरण मांडले आणि अभिनवगुप्तांनी ते पुढे नेले. रसाच्या अनुभवात दुःख माझे की परक्याचे हा भेद गळून पडतो. अभिनवगुप्त रसाची विघ्नेही सांगतात, त्यांत आपल्याच सुखदुःखात अडकून पडणे हे एक आहे. तिकिटाचा विचार इथे लावून पाहावा. चढ्या दराचे तिकीट काढून बसलेला श्रोता पैसे वसूल झाले का याचा हिशेब मनात धरून बसतो, तेव्हा तो रसापाशी पोचण्याआधीच अडलेला असतो. ज्या अनुभवाचा मालकच विरघळतो त्याची मालकी विकायची कशी, हा प्रश्न म्हणूनच पोकळ नाही. सभागृह, वाद्य, वादकाचा दिवस यांना दाम आहे. रसाला दाम लावता येत नाही, कारण तो घेणारा वेगळा उरत नाही.

फुकटाची किंमत नसते, हा आक्षेप यावर नेहमी येतो. ल्युबेकचे शिपाई त्याला दुजोरा देतात, सप्ताह त्याला खोटे पाडतो. दिवसभर कापूस वेचलेली बाई रात्री दोन तास कीर्तन ऐकत बसते, ते फुकट आहे म्हणून नव्हे. सकाळी त्याच मंडपात तिने सडा टाकलेला असतो. ज्याचा हात कार्याला लागला त्याला ते फुकट वाटत नाही. पैशाऐवजी सहभाग मागितला तर या आक्षेपाला जागा उरत नाही.

पियानो परका आहे, त्याचा रस इथे कोणाला कळणार, हा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्याचे सूर पक्के बांधलेले असतात, सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. हेच दोष पेटीचेही सांगितले गेले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींचा हिशेब मांडून पेटी सुधारण्याचा ध्यास घेतला तो याच कारणाने. आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटीला बंदीच घातली आणि १९७१ पर्यंत ती टिकली. गावच्या भजनी मंडळाने मात्र पेटी खाली ठेवली नाही. खानदेशातल्या भजनी घरातले पोर पियानोपुढे आणले तर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची मांडणी त्याच्या ओळखीचीच असेल. काळी एक, पांढरी चार हे शब्द त्याच्या कानावरचे आहेत. त्याला अनोळखी वाटेल ते एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांचे नाते, आणि ते कानावर वारंवार पडल्यावाचून उमगत नाही. अभिनवगुप्तांचा सहृदय, म्हणजे जाणता रसिक, जन्मजात तयार नसतो, काव्याच्या अभ्यासाने त्याच्या मनाचा आरसा लख्ख होतो. एक मैफल हा देखावा ठरेल. सहृदय घडवायचा तर मालिकाच हवी, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, निदान दोनतीन वर्षे.

तजवीज कोणी आणि कशी करावी याचे उत्तर गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. द्यायला हवे म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेले दान सात्त्विक. फळावर नजर ठेवून, जड मनाने दिलेले राजस. देणगीदाराच्या नावाचा फलक वादकापेक्षा मोठा झाला की मैफल दुसऱ्या वर्गात गेली. याबाबत मायरा हेस यांचा नियम अनुकरणीय आहे. महायुद्धात लंडनची सभागृहे बंद पडली तेव्हा, १९३९ ते १९४६, चित्रे हलवून रिकाम्या केलेल्या नॅशनल गॅलरीत त्यांनी दुपारच्या सुमारे १,७०० मैफली भरवल्या. प्रवेश एक शिलिंग होता, अगदी विनामूल्य नव्हता. पण प्रत्येक वादकाला, नामांकित असो वा नवखा, सारखेच मानधन मिळे, आणि स्वतः बाईंनी काही घेतले नाही. कार्यकर्त्याने सोडावे, कलावंताला सोडायला लावू नये.

विनामूल्य आणि खुले हे दोन वेगळे आहेत, याचे भानही याच मातीत जागवले गेले. पंढरीच्या विठ्ठलाला तिकीट नव्हते, तरी अस्पृश्य मानले गेलेले संत चोखोबा बाहेरच राहिले. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहिलेले आणि नंतर तिथल्याच शाळेत शिकवलेले साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले ते विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. फी नसणे एवढ्याने दार उघडत नाही. पियानोच्या मैफलीला दारावरचा रखवालदार, पुढच्या राखीव खुर्च्या, इंग्रजीत छापलेली पत्रिका आणि टाळी कधी वाजवावी याचा धाक या गोष्टी तिकिटाइतकेच लोक परतवतात. चोपड्यात कोणी ही मालिका सुरू करील त्याने वादकाच्या आणि रचनेच्या चार ओळी मराठीत आधी सांगाव्यात, बैठक सतरंजीची ठेवावी, पुढची जागा शाळकरी मुलांना द्यावी, सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा वस्त्यांतल्या आश्रमशाळांना स्वतः जाऊन निमंत्रण द्यावे, आणि खेड्यांकडे जाणारी शेवटची एसटी सुटण्याआधी कार्यक्रम संपवावा.