फिर्याद कोणाची?

वाचकहो, आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. घरफोडी झाली, मुलाला मारहाण झाली, मुलीची छेड काढली गेली, म्हणजे आपण पोलीस ठाण्याची पायरी चढतो. तेथील टेबलापुढे उभे राहून जे आपण सांगतो, ते सांगून झाल्यावर कोणाचे होते? आपले राहते, की सरकारचे होते? प्रश्न वकिली थाटाचा वाटेल. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे, आणि आपल्या समाजाने तो इतरांपेक्षा अधिक बारकाईने तपासला पाहिजे.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. गुन्हा हा राज्याविरुद्धचा अपराध मानला जातो. म्हणून खटल्याचे नाव 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असे पडते, आणि ज्याचे डोके फुटले तो त्या खटल्यात केवळ एक साक्षीदार उरतो. या व्यवस्थेत शहाणपण नाही असे म्हणता येणार नाही. सूड घेण्याचा अधिकार व्यक्तीच्या हातून काढून घेतला, तेव्हाच दुबळ्याला न्याय मिळण्याची शक्यता निर्माण झाली. ज्याच्यामागे ना पैसा ना भाऊबंद, त्याच्या वतीने राज्याने उभे राहावे, असा हा करार आहे. पण या करारात आपण आपली वेदना राज्याच्या स्वाधीन करतो. ती स्वाधीन करून घेणारा पहिला माणूस कोण? मंत्री नव्हे, न्यायाधीशही नव्हे. तो ठाणे अंमलदार! राज्य म्हणजे काय, हे गरीब माणसाला त्या टेबलाशी कळते.

आणि त्या टेबलाशी काय घडते, हे मुंबई-पुण्यातल्या वस्त्यांत राहणाऱ्यांना सांगायला नको. "ही आमची हद्द नाही." "साक्षीदार आहे का?" "एन.सी. लिहून घेतो, जा." एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तिचा तपास करता येत नाही; म्हणजे कागद मिळतो, तपास मिळत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ साली बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तर हद्दीचा प्रश्नच निकालात काढला आहे. गुन्हा कोठेही घडो, खबर कोणत्याही ठाण्यात द्यावी, तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळावी. काही मध्यम शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा ठेवली आहे, तिचा उपयोग टाळाटाळीसाठी होतो की नाही यावर लक्ष ठेवावे लागेल.

मग अंमलदार टाळतो का? त्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, लोक खोट्या फिर्यादी करतात. मनुष्यबळ अपुरे आहे. एका तपासी अंमलदाराकडे कितीतरी गुन्हे, त्यात बंदोबस्त. शिवाय ठाण्याची कामगिरी आकड्यांवर मोजली जाते, आणि नोंद वाढली की हद्दीत गुन्हेगारी वाढली असा अर्थ लावला जातो. या सबबींत थोडे तथ्य आहे. परंतु पहिल्या सबबीत जी चूक दडलेली आहे, ती नीट पाहा. फिर्याद लिहून घेणे म्हणजे फिर्यादीवर विश्वास ठेवणे नव्हे. लिहून घेणे हे कर्तव्य आहे. संशय घेणे हे त्यानंतरचे काम, आणि त्यालाच तपास म्हणतात. टेबलाशीच पुरावा मागणारा माणूस तपास सुरू होण्यापूर्वीच निकाल देत असतो. तोही कोणाविरुद्ध? जो रिकाम्या हाताने आला आहे त्याच्याविरुद्ध. मोटारीतून उतरलेल्या गृहस्थाला असा पुरावा मागितल्याचे कोणी ऐकले आहे काय?

संशयाची दिशा चुकली म्हणजे काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच घडला. १९७२ साली देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ती एका तक्रारीच्या निमित्ताने जबाबासाठी ठाण्यात आणलेली होती. मथुरा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, सबब संमती होती, असा तो तर्क! ठाण्याच्या चार भिंतींत, गणवेशापुढे, एका मजूर मुलीने आरडाओरडा कोणाकडे पाहून करावा? १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहून हाच प्रश्न विचारला. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, की न्यायालयाने ते गृहीत धरून चालावे, असे ठरले. पुढे २०१३ पासून स्त्रियांवरील गंभीर अत्याचाराची खबर न नोंदवणारा अधिकारीच गुन्हेगार ठरू लागला. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची ती तरतूद आजच्या भारतीय न्याय संहितेत कलम १९९ मध्ये आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. जातीय अत्याचाराच्या प्रकरणात फिर्याद कोणत्या शब्दांत लिहिली जाते, यावर पुष्कळ काही ठरते. बाई सांगते, "मला जातीवरून असं असं बोलला, नळावर चार बायका उभ्या होत्या." अंमलदार लिहितो, "सदर इसमाने फिर्यादीस शिवीगाळ केली." झाले! जात गेली, उच्चारलेला शब्द गेला, नळावरच्या बायका गेल्या. आणि कायदा तर विचारतो की अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झाला काय? घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. म्हणजे त्या एका वाक्याच्या आळशीपणाने, किंवा धूर्तपणाने, वर्षांनंतरचा खटला तेथेच पडतो. म्हणूनच १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिने तोंडी दिलेली खबर सही घेण्यापूर्वी फिर्यादीला वाचून दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच केले. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या दलितेतर अधिकाऱ्याला शिक्षा आहे. आपले किती बांधव "साहेब, वाचून दाखवा" असे म्हणतात? सही करा म्हटले की आपण सही करतो. अक्षर न येणारा अंगठा उठवतो.

येथे कोणी म्हणेल, मग पीडिताच्या बाजूने पोलिसांनी झुकावे काय? मुळीच नाही. झुकलेला तपास पीडिताचेच नुकसान करतो. पंचनामा घाईने उरकला, पंच नेहमीचेच ठरावीक आणले, जप्त कपड्यांवर मोहोर नीट लावली नाही, की आरोपीचा वकील तेवढ्यावर खटला मोडतो. सहानुभूतीचे चार शब्द बोलून पंचनामा बिघडवणाऱ्यापेक्षा रुक्ष चेहऱ्याने तो नेटका करणारा अधिकारी मला अधिक करुणावान वाटतो. आणि दुसरेही ध्यानात घ्या. चोरी झाली की पारध्याच्या पालावर जायचे, दोन पोरे उचलायची, फटके द्यायचे आणि 'गुन्हा उघड' म्हणून कळवायचे, ही रीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने शिकवली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; सवय रद्द झाली नाही. पोलिसापुढील कबुलीजबाब पुरावा होत नाही, हे तत्त्व ब्रिटिश काळापासून आहे. अटकेबाबतचे नियम डी. के. बसू खटल्यात १९९६ साली न्यायालयाला घालून द्यावे लागले. चोरीला गेलेले आपले मंगळसूत्र निर्दोषाच्या पाठीवरील वळांतून परत मिळणार असेल, तर तो न्याय आपण घ्यावा काय? आपणही कालपर्यंत त्याच संशयितांच्या यादीत होतो.

राहिला आधाराचा प्रश्न. १९८४ साली मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यात समाजकार्यकर्ती पोलीस व्यवस्थेच्या आतच बसते, पण ती पोलीस नसते. ही कल्पना मोलाची आहे, कारण ऐकून घेण्याला वेळ लागतो आणि तपासी अंमलदाराकडे तो नसतो. नुकसानभरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. अत्याचार कायद्याच्या १९९५ च्या नियमांत साक्षीला येण्याजाण्याचा खर्चही सरकारने द्यावा असे लिहिले आहे. रोजंदारी बुडवून तारखेला येणाऱ्या साक्षीदाराला तो न मिळाल्यास तो फितूर होतो, आणि आपण मात्र त्याला विकला गेला म्हणतो. तपास कोठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवावे, असे नवी संहिता सांगते. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला ऐकून घेण्याचा अत्याचार कायद्यातील हक्क बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. फिर्याद सरकारची झाली तरी फिर्यादी परका होत नाही, हे कायद्याने उशिरा का होईना मान्य केले आहे.

आणि आरोपी पोलीसच असेल तर? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला, तरी गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाची शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले. नंतर तो जामिनावर सुटला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हवे, असे प्रकाश सिंग खटल्यात २००६ सालीच सांगितले गेले आहे. वस्तीतल्या माणसाला त्याचा पत्ता तरी ठाऊक आहे काय?

शेवटी एक गोष्ट राहते, आणि ती नाजूक आहे. आज त्या टेबलापलीकडे आपलीही मुले बसतात. शिपाई आहेत, उपनिरीक्षक आहेत, काही त्याहून वर गेले आहेत. अशा मुलाला त्याचा वरिष्ठ तोंडी सांगतो, "एन.सी. कर आणि वाटेला लाव." समोर उभी असलेली बाई कदाचित आपल्याच वस्तीतील, कदाचित दुसऱ्याच जातीची. नोंद टाळल्याची शिक्षा कागदावर त्याला होईल. ज्याने तोंडी हुकूम दिला त्याचे नाव कोठेच नसेल. माझ्या मते त्याने प्रथम तिला बसायला खुर्ची द्यावी, तिच्याच शब्दांत खबर लिहावी, वाचून दाखवावी आणि स्टेशन डायरीत वेळ टाकून हुकूमही नोंदवावा. यात बदलीचा धोका आहे, हे त्याला माहीत आहे. त्याच्या घरी त्या रात्री त्याला कोणी काय म्हणावे, हे मात्र वाचकहो, त्याच्या आईबापांनी, म्हणजे आपणच, ठरवायचे आहे.