दानाचें उत्तरदायित्व

फुकट दिलेल्या वस्तूंत दोष निघाल्यास दात्यास जाब विचारतां येतो काय? संगणकाच्या आज्ञावलींत कोणीं, केव्हां, कोणता फेरफार केला याची चोख वही राखणारी ‘गिट’ ही प्रणाली २००५ सालीं लिनस टोर्वाल्ड्स यांनीं रचिली. तिचें कार्य इतर प्रणालींस आपल्या अंगीं घेतां यावें म्हणून ‘लिबगिट२’ हा आज्ञासंग्रह निराळा तयार झाला. दोन्ही कोणासही विनामूल्य वापरण्यास व सुधारण्यास खुलीं आहेत. २०१४ च्या डिसेंबरांत दोहोंतही एक छिद्र उघडकीस आलें. कांहीं संगणक रोमन लिपींतील लहान व मोठीं अक्षरें एकच मानतात. त्याचा फायदा घेऊन मोठ्या अक्षरांचा एक तोतया राखीव जागीं शिरून परक्याच्या आज्ञा चालवूं शके. सांभाळणारांनीं तें छिद्र त्याच महिन्यांत बुजविलें.

परवानापत्रांत हमी स्पष्ट नाकारलेली असते. तेव्हां कायद्याचें बंधन नाहीं. परंतु पाणी फुकट आहे, म्हणून गढूळ चालेल, असें कोणता पाणपोईवाला म्हणेल? आमच्या मतें, विश्वासानें ओंजळ पुढें झाली कीं दात्याचें कर्तव्य सुरू होतें. मात्र ओंजळ धरणारासही कर्तव्य चुकत नाहीं. रांजण रोज एकट्यानेंच भरावा, हा न्याय नव्हे. ज्यांची तहान भागली, त्यांनीं एखादी घागर आणावी. निदान पाण्यांतला काडीकचरा दाखवितांना शिव्या तरी देऊं नयेत.