बापाने लेकरू लपविले नाही
(मार्क ९ : १४-२७)

प्रिय आईबापहो, शेजारचे मूल अकराव्या महिन्यात चालू लागले आणि आपले चौदाव्यातही भिंत धरूनच उभे आहे, हे पाहून किती मातांची झोप उडते! परंतु देवाने सर्व लेकरांस एकच घटिका नेमून दिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या, भारतासह ५ देशांतील पाहणीत निरोगी मुले सुमारे ८ व्या ते १८ व्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय चालू लागलेली आढळली. यास्तव तुलना सोडा.

तरी डोळे मिटू नका. १८ महिने होऊनही मूल चालत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा आलेले बोल हरपले असतील, तर वाट पाहत बसू नये. शुभवर्तमानातील त्या बापाने मुलाचे दुखणे लोकलज्जेने झाकले नाही. प्रभूने विचारताच ते बाळपणापासून आहे असे त्याने स्पष्ट सांगितले, आणि आपला विश्वास उणा आहे हेही कबूल केले. प्रभूने त्यास दवडले नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथक अंगणवाडीत येऊन मुलांस विनामूल्य तपासते. तेथे सर्व मोकळेपणाने सांगा. ते अविश्वासाचे लक्षण नव्हे. आणि मंडळीहो, अशा मातेस दोष लावू नका. ज्याची पावले उशिरा पडतात, त्या लेकराचाही हात प्रभूने धरलेला आहे.